गरम जॉब खोटं बोलतो

गेला दीड महिना मी हे भेटेल त्याला सांगते आहे. घरात, स्टाफरूममध्ये, परवा तर लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही सांगितलं. आता लिहूनच काढते, कारण बोलून पुरं होत नाही.

मी राहते तळेगावला आणि चिंचवडला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. म्हणजे घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी ही स्टेशनं माझ्या डोळ्यांखालून दिवसातून दोनदा जातात. बावीस वर्षांत बेगडेवाडीला मी एकदाही उतरले नव्हते. खिडकीतून घोराडेश्वराचा डोंगर दिसायचा, रुळांच्या बाजूनं जुना हायवे पळायचा, आणि खांबांवर चिकटवलेले कागद दिसायचे. 'टर्नर पाहिजे.' 'व्हीएमसी सेटर पाहिजे.' 'फिटर ताबडतोब पाहिजे.' पावसात कागद गळायचे, पुन्हा नवे लागायचे. मी ते 'जागा भाड्याने देणे आहे'च्या पाट्यांसारखे वाचले आणि विसरले. बावीस वर्षं कुणीतरी हाका मारत होतं आणि मला ती हाक वाटलीच नाही!

उतरावं लागलं ते भावाच्या गिरणीमुळे. कामशेतला त्याची पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळची. तिच्या शाफ्टवर बेअरिंग सैल होऊन गरागरा फिरायला लागलं आणि शाफ्ट खाल्ला गेला. तसा शाफ्ट आता तयार मिळत नाही, बनवूनच घ्यायचा. भावानं तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडे लेथ होते. एकीकडे टर्नर गावी गेला तो परतला नव्हता, दुसरीकडे टर्नर चाकणच्या कंपनीत लागला होता, तिसरीकडे मालक म्हणाले, यंत्र विकायला काढलंय, माणूसच मिळत नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, बेगडेवाडीला एक म्हातारे काका आहेत, त्यांना दाखवा. भावाला गिरणी सोडवेना. शनिवारी मला सुट्टी, म्हणून झिजलेला शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मी लोकलमध्ये बसले.

पत्र्याची शेड. आत तीन लेथ, त्यातल्या दोनांवर पोत्यांचं पांघरूण. तिसऱ्यावर सत्तरीचे काका, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कोपऱ्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा, पवन मावळातला, आयटीआयला फिटर ट्रेड केलेला. बस्स, एवढीच माणसं. मी शाफ्ट पुढे केला. काकांनी तो मोजायच्या आधी बेअरिंगच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पंधरा-वीस सेंटचं काम न्हाय राहिलं ताई, हे लय खाल्लंय. नवाच करू." मग मायक्रोमीटर लावला, आणि अंगठ्याचं म्हणणं खरं निघालं. सेंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अंगठ्यानं!

मी थांबते म्हटलं. दुपारी लोकल विरळ असतात, तसंही जाऊन कुठे जाणार होते? त्यांनी ईएन-एट पोलादाचा बार चकमध्ये धरला, डायल लावून तो खरा फिरतोय का पाहिलं, आणि कट घ्यायला सुरुवात केली. पोलादाची निळी पडलेली साल वेटोळी होऊन खाली पडत होती आणि काका यंत्राकडे बघतसुद्धा नव्हते! ते ऐकत होते. मध्येच आवाज जरासा चिरका झाला, निदान मला नंतर सांगितल्यावर तसं वाटलं, आणि त्यांनी लगेच टूल मागे घेतलं. टोक उडालं होतं. अजून दोन सेकंद गेली असती तर बारवर ओरखडा बसला असता. बघून कळणारच नव्हतं, तेव्हा कापणारं टोक सालीच्या आड असतं.

शेवटचा कट राहिला तेव्हा मला घाई. मी म्हटलं, काका मोजा ना आता. ते बाकावर बसले, चहा मागवला. म्हणाले, "आता न्हाय मोजायचं. गरम जॉब खोटं बोलतो."

जॉब म्हणजे यंत्रावर घडत असलेला तुकडा. घरी येऊन मी हिशेब केला. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शाफ्ट ४० मिलिमीटरचा. खोलीपेक्षा वीस अंशांनी तापलेला असेल तर तो जवळजवळ १० मायक्रॉन जाड भरणार, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशानं काय होतं? सगळंच होतं! अशा बेअरिंगसाठी शाफ्ट ४० मिलिमीटरपेक्षा कणभर जास्त लागतो, साधारणपणे २ ते १८ मायक्रॉन जास्त. त्याहून कमी झाला तर बेअरिंग पुन्हा सैल होऊन फिरणार, जास्त झाला तर आतून आवळलं जाऊन जळणार. म्हणजे सगळी मोकळीक सोळा मायक्रॉनची, आणि त्यातले दहा तापलेलं पोलाद गिळून टाकतं. हे गणित मला येतं. काकांना ते कागदावर मांडता येईल की नाही, मला माहीत नाही. पण ते चहा पीत बसले, आणि गार झाल्यावर अगदी एमरी कागदाचा हात फिरवून त्यांनी शाफ्ट त्या सोळा मायक्रॉनच्या खिडकीत अचूक आणून ठेवला. आणि बेअरिंग चढवलं ते तेलात गरम करून! जी उष्णता मघाशी फसवत होती तिनंच आता बेअरिंग एवढं मोठं केलं की ते शाफ्टवर अलगद सरकलं, आणि गार होताच असं बसलं की मला दोन्ही हातांनी हलवता येईना.

हे सगळं पाहून मी निघालेच होते. पण कोपऱ्यातला तो मुलगा काय करत होता, ते मी जाताजाता विचारलं, आणि त्या एका प्रश्नानं माझी बावीस वर्षांची शिकवणी पणाला लागली.

त्याच्यापुढे बिडाच्या तीन जाड पाट्या होत्या, ताटाएवढ्या. एका पाटीवर तो निळा रंग बोटानं पातळ चोळायचा, दुसरी तिच्यावर पालथी घालून हलकेच घासायचा, उचलायचा. दुसरीवर जिथं जिथं निळे ठिपके उमटले तिथं तिथं उंचवटे. ते जुन्या कानशीला धार लावून बनवलेल्या स्क्रेपरनं तो खरवडायचा. एका खरवडीत फार तर काही मायक्रॉन निघतात. पुन्हा निळं, पुन्हा घासणं, पुन्हा खरवडणं. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "सपाट करतोय, मॅडम."

मी म्हटलं, पण ती सपाट आहे की नाही हे कशावर ठेवून बघणार? सपाट पट्टी लागेल ना? ती पट्टी कशी सपाट केली? तो हसला आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "कशावरच ठेवायची न्हाय. म्हणून तर तीन पाट्या."

आता नीट ऐका, कारण मला हे समजलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. दोनच पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर त्या तंतोतंत जुळतील, पण एक घुमटासारखी फुगलेली आणि दुसरी वाटीसारखी खोल असू शकते. जुळणं म्हणजे सपाट असणं नाही. म्हणून तिसरी. पहिलीला क म्हणा, दुसरीला ख, तिसरीला ग. क आणि ख जुळल्या, म्हणजे क ची फुगी तेवढीच ख ची खोली. ख आणि ग जुळल्या, म्हणजे ख ची जेवढी फुगी तेवढी ग ची खोली. आणि ग पुन्हा क शी जुळली. लिहून बघा. क बरोबर ऋण ख. ख बरोबर ऋण ग. ग बरोबर ऋण क. सगळं एकत्र केलं की उरतं, क बरोबर ऋण क! आणि जी संख्या स्वतःच्याच ऋणाएवढी आहे अशी जगात एकच संख्या आहे. शून्य! फुगी शून्य, खोली शून्य. मुरड राहू नये म्हणून पाट्या मधूनमधून काटकोनात फिरवून घासायच्या, ही काकांची पुस्ती.

जगात कुठलीही सपाट वस्तू नसताना सपाट वस्तू जन्माला घालता येते. तीन ओबडधोबड बिडाच्या पाट्या, निळा रंग, एक खरवडणी आणि माणसाचे हात यांतून! 'प्रतल म्हणजे असा पृष्ठभाग, की...' ही व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेन. फळा सपाट आहे, टेबल सपाट आहे, असं म्हणत मी पुढे गेले. पहिली सपाट गोष्ट आली कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नाही, कुणा विद्यार्थ्यानं विचारला नाही, आणि त्याचं उत्तर बेगडेवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आयटीआयचा एक मुलगा खरवडत बसला होता.

त्या रात्री मी वाचत बसले. लंडनच्या हेन्री मॉड्स्ली यांच्या कारखान्यात घडलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत याच तीन पाट्यांवर निबंध वाचला. त्यानंतरची सगळी अचूक यंत्रं या सपाटीच्या लेकी-नाती. लेथचा बेड सपाट असेल तर लेथवरचा शाफ्ट टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचा निघतो, तशा शाफ्टपासून पुढचं यंत्र बनतं. संगणकावर चालणारी यंत्रं आली तरी चांगल्या यंत्राच्या सरकपट्ट्यांवर आजही हातानं स्क्रेपिंग करतात, कारण त्या बारीक खळग्यांत तेल धरून राहतं. आणि काकांकडे भोसरीहून, चाकणहून माणसं येतात ती याचसाठी. झिजलेला बेड पुन्हा सरळ करून देणारी माणसं शोधावी लागतात.

दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा गेले. भावाला वाटलं शाफ्टचं काही राहिलं. काही राहिलं नव्हतं. मी काकांना म्हटलं, मला कानस धरायला शिकवा.

कानस धरणं म्हणजे काय, हे सांगायला एक वेगळा लेख लागेल. लोखंडाचा तुकडा व्हाईसमध्ये, छातीच्या खाली, कोपराच्या उंचीला. ढकलताना जोर, ओढताना नाही. आणि ढकलताना कानस झोपाळ्यासारखी हलते, आपल्याला कळतसुद्धा नाही, आणि जॉबला पोट येतं. सगळ्या नवशिक्यांच्या जॉबला पोट येतं म्हणे. ते जायला पुढे जाताना डाव्या हाताचा भार कमी आणि उजव्याचा वाढता ठेवावा लागतो, प्रत्येक क्षणी, न मोजता. काका सत्तरच्या दशकात पिंपरीकडच्या एका मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस होते. पहिले सहा महिने फक्त कानस. "शिव्या घालायचो मनात," ते म्हणाले, "पन हात तवाच बसला."

आणि इथं मला पहिल्यांदा कळलं, की खांबावरच्या कागदांना उत्तर का येत नाही. हा हात महिन्याभरात बसत नाही. आणि तो बसेपर्यंत कुणी थांबायला तयार नाही. मुलगा नाही, कारण तेवढ्या वेळात डिलिव्हरीच्या गाडीवर लगेच पैसे हातात पडतात. आईवडील नाहीत, कारण वर्कशॉपातल्या पोराला मुलगी कोण देणार, असं काकांच्याच नात्यात त्यांना ऐकवलं गेलं. मोठ्या कंपन्या नाहीत, कारण कंत्राटावर सात-आठ महिने ऑपरेटर ठेवून सोडून देणं सोपं पडतं. बटण दाबणारा ऑपरेटर मिळतो, पण जॉब बिघडला तर का बिघडला हे सांगणारा सेटर कुठून येणार? तो त्या ऑपरेटरमधूनच चार-पाच वर्षांनी घडणार होता. आणि काकांसारखे छोटे मालक? त्यांनी आजवर बरीच पोरं शिकवली. हात बसला की पोरगा मोठ्या कंपनीत जातो. काकांना त्याचा राग नाही, मला आहे. मुलांवर नाही. शिकवण्याचा खर्च एकट्या पत्र्याच्या शेडनं उचलायचा आणि फळ सगळ्या औद्योगिक पट्ट्यानं खायचं, या रीतीवर.

आणि माझ्यावरही. हे मला लिहायलाच हवं. आयटीआय म्हणजे गणित कच्चं असलेल्यांची वाट, असं मी वर्गात कधी उघड बोलले नसेन, पण वागले तसंच. हुशार मुलगा दिसला की अभियांत्रिकी. ज्यांचे हात बोलके होते, जी मुलं भूमितीची आकृती माझ्यापेक्षा नेटकी काढायची, त्यांना मी एकदाही म्हटलं नाही की बाळा, टूल अँड डाय मेकर नावाचा एक ट्रेड आहे, तुझ्यासाठीच आहे. मलाच माहीत नव्हता! केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे: १५ ते २९ वयाच्या तरुणांत औपचारिक व्यवसाय-प्रशिक्षण मिळालेले फक्त ४.४ टक्के, आणि इकडून-तिकडून, घरात, कामावर शिकलेले आणखी १६.६ टक्के. शिल्पकारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून आहे, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून. इतक्या वर्षांनी शंभरात साडेचारसुद्धा नाहीत.

पण थांबा, अजून सर्वांत भारी गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्याच गावची आहे. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना हे नाव मी लहानपणापासून ऐकलं होतं. देशभक्तीची जुनी गोष्ट, एवढंच डोक्यात. आता नीट वाचलं. अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस दारोदार फिरून प्रत्येकाकडून एकेक पैसा मागतो, लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहतात, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघतो. जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय पहिली धुरा घेतात. इथपर्यंत पाठ्यपुस्तकात शोभेल. पण तो कारखाना शाळाही होता! तिथं काच बनवायची होती आणि काच बनवणारेही. भट्टी विकत आणता येत होती, फुंकणारे हात आणता येत नव्हते, आणि हे त्या माणसांना आधीच कळलं होतं. तिथं शिकलेले विद्यार्थी पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. बेगडेवाडीहून दोन स्टेशनांवर, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, एकेका पैशाच्या वर्गणीतून कारागीर घडवायचं काम सुरू झालं होतं.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, पुण्यातलं काम १९६६ साली सुरू झालं, पण इथून पहिली व्यापारी वाहनं निघाली १९७७ साली. मधली वर्षं कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी यंत्रं, साचे बनवणारा विभाग उभा करण्यात आणि माणसं शिकवण्यात घातली. अकरा वर्षं! आज कोण थांबेल? आणि तळेगावातच जनरल मोटर्सचा कारखाना बघा. २००८ मध्ये सुरू झाला, २०२० संपताना बंद झाला, जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे गेला. इमारती आणि यंत्रं सह्या झाल्या की हस्तांतरित होतात. मधल्या वर्षांत पांगलेले हात कुठल्या कागदावर हस्तांतरित करायचे?

एका रविवारी मी मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यात गेले. पूर्वी दहा वेळा गेले असेन, शाळेची सहल घेऊनसुद्धा. या वेळी छताच्या लाकडी कमानींकडे बघत राहिले. सागवानाच्या त्या फासळ्या मूळच्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. तिथल्या एका ब्राह्मी लेखात लिहिलंय, की धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं या घराचं दार केलं. राजांची, व्यापाऱ्यांची, भिक्षूंची नावं असतात तशीच दगडात त्याचंही नाव, बापाच्या नावासकट आणि धंद्यासकट. मी त्या सुताराच्या नावासमोर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. घरी आल्यावर आठवलं, की काकांचं पूर्ण नाव मी अजून विचारलंच नाही. पुढच्या शनिवारी विचारलं. त्यांनी आधी हात पुसले, मग सांगितलं.

आता बारावीच्या वर्गात प्रतलाचा धडा मी बदललाय. तीन पाट्यांची गोष्ट सांगते, क बरोबर ऋण क फळ्यावर लिहिते, आणि तेव्हा वर्गात जी शांतता होते ती मला बावीस वर्षांत मिळाली नव्हती. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी आली. सहामाहीला तिला पस्तीससुद्धा मिळाले नव्हते. म्हणाली, "मॅडम, हे खरंच हातानं करतात? बघायला मिळेल?" तिच्याबरोबर आणखी एक मुलगा. दोघांच्या घरी जाऊन परवानगी घेतली. मुलीचे वडील म्हणाले, "लेथवर पोरगी?" आईनं विचारलं, "लोकलनं जाणार ना? मग जाऊ द्या."

गेले तीन शनिवार आम्ही तिघं जातो. काकांनी आम्हाला तीन पाट्या दिल्यात, वहीएवढ्या, भंगारातल्या बिडाच्या. एका लेथवरचं पोतं काढलंय, त्या मुलीसाठी, पण ती अजून स्क्रेपर सोडायला तयार नाही. परवा क आणि ख जुळल्या, क आणि ग जुळल्या. निळे ठिपके सगळीकडे सारखे, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ख आणि ग एकमेकींवर घातल्या, तर फक्त मध्यावर निळं, रुपयाएवढं. तिनं ते बघितलं, बोटं मोडून थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे ख पण फुगलीये आणि ग पण. मग क वाटी आहे." काकांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं.

"क वाटीच हाय," ते म्हणाले. "घे खरवडायला. लय बाकी आहे अजून."